कौटुंबिक न्यायालयात वकिली सुरू करताना: शेवटच्या कागदापासून सुरुवात

कौटुंबिक वकिलीत शिरणारे बहुतेक ज्युनिअर घटस्फोटाचा अर्ज लिहायला शिकण्यापासून सुरुवात करतात. माझा सल्ला उलटा आहे. आधी दरखास्ती, म्हणजे कोर्टाचा हुकूम अमलात आणण्यासाठी केलेले अर्ज, वाचा. पोटगीचा हुकूम असून पैसे का आले नाहीत, तडजोड होऊनही फ्लॅट का अडकला, मुलाला भेटण्याचा आदेश असून भेट का हुकते, हे त्या कागदांत दिसतं. यातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ पहिल्या भेटीत न विचारलेल्या प्रश्नात किंवा घाईत लिहिलेल्या एखाद्या अटीत असतं. पक्षकाराच्या हाती शेवटी कोणता कागद पडणार आणि त्याची अंमलबजावणी कोण, कशी करणार, हे ज्याला आधी दिसतं त्याचा अर्जही नेटका उतरतो.

खालची माहिती महाराष्ट्रात प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः हिंदू विवाह कायदा, १९५५ मधली आहेत. विशेष विवाह कायदा, पारशी आणि ख्रिस्ती विवाहांचे कायदे, मुस्लिम स्त्रीने घटस्फोट मागण्याचा १९३९ चा कायदा, हे त्या त्या प्रकरणात मूळ मजकुरातूनच वाचा. एका कायद्यातली मुदत किंवा अट दुसऱ्यात तशीच असेल असं धरून चालू नका. कामाची पद्धत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच.

आधी कोर्ट समजून घ्या

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. तरी तो न वाचता वर्षानुवर्षं उभे राहणारे वकील आहेत. कलम ७ मध्ये कोर्टाच्या अधिकारात काय येतं ते आहे. कलम ९ कोर्टावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकतं. कलम १४ मुळे एरवी पुराव्यात न येणारा कागदही, वाद सोडवायला उपयोगी वाटला तर, न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. आणि कलम १३ आपल्या पोटापाण्याचं: इथे वकिलामार्फत बाजू मांडणं हा पक्षकाराचा हक्क नाही. म्हणून वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. परवानगी बहुधा मिळते, पण अर्जच नसेल तर पहिल्याच तारखेला न्यायाधीश पक्षकाराशी थेट बोलू लागतात आणि तुम्ही बाजूला उभे राहता.

या कोर्टात शिकण्याची एक अडचण आहे. दिवाणी किंवा सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकता येतो. इथे एका पक्षकाराने मागणी केली तरी कामकाज बंद खोलीत चालतं, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ खाली तर ते तसंच चालवायचं असतं. त्यामुळे फक्त कोर्टात जाऊन बसण्याने फारसं हाती लागत नाही. ज्यांच्याकडे खरोखर पुराव्यापर्यंत जाणारी प्रकरणं आहेत अशा सीनिअरकडे जा आणि त्यांच्या फायली पहिल्या पानापासून वाचा. सगळं परस्पर संमतीवर मिटवणाऱ्या ऑफिसात तडजोड शिकाल, उलटतपास शिकणार नाही.

फाईल वाचताना रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, आधी वाचा. कोणत्या तारखेला ‘से’साठी (समोरच्याच्या लेखी म्हणण्यासाठी) मुदत गेली, कधी ‘नो से’ (म्हणण्याशिवाय पुढे चालवण्याचा आदेश) झालं, समन्स किती वेळा परत आलं, खर्च कुणी भरला नाही, यातून प्रकरणाचं खरं आयुष्य कळतं. मुंबई-पुण्यासारख्या कौटुंबिक न्यायालयांत प्रकरणाच्या क्रमांकातलं अक्षरही ओळखायला शिका: ‘ए’ विवाहविषयक अर्ज, ‘डी’ मुलांचा ताबा, ‘ई’ फौजदारी संहितेखालची पोटगी, ‘एफ’ परस्पर संमती. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी विवाह अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे आणि पोटगीचा फौजदारी अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो.

शिरस्तेदार, नाझर, बेलिफ, समुपदेशक यांची कामं कोणती आणि ती कोणत्या वेळेत होतात, हे पहिल्या महिन्यात प्रत्यक्ष जाऊन समजून घ्या. पुरसिस (कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारा छोटा लेखी कागद) कुठे द्यायची हे विचारायला सीनिअरला फोन करावा लागू नये.

पहिली भेट

पक्षकार एकटी किंवा एकटा येत नाही. आई, वडील, मामा, मोठा भाऊ सोबत असतात आणि बोलतातही तेच. पाच-दहा मिनिटं सगळ्यांचं ऐका आणि मग सरळ सांगा, “काका, आता मला ताईंशी एकटीशी बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर बसता का?” नाराजी होते. पण शारीरिक संबंध, गर्भपात, मारहाण, व्यसन, दुसरं नातं, स्वतःच्या कमाईचा खरा आकडा, या गोष्टी वडिलांसमोर निघत नाहीत. शिवाय घटस्फोट नक्की कुणाला हवाय, पक्षकाराला की तिच्या भावाला, हेही एकांतातच कळतं.

त्या एकांतात पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. आज रात्री कुठे राहणार? घरी परत गेल्यावर काय होईल? मारहाण चालू असेल तर घटस्फोटाचा मसुदा थांबू शकतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकारी, संरक्षणाचे आणि निवासाचे आदेश, गरज पडल्यास कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश, हे आधी. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक प्रत्येक पक्षकाराला द्या. जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा कुणी केली, पुरुष असो की स्त्री, तर ती धमकी किंवा नाटक समजून पुढे जाऊ नका. घरच्या विश्वासू माणसाशी आणि डॉक्टरांशी गाठ घालून दिल्याशिवाय त्यांना पाठवू नका.

दुसरा प्रश्न: “सहा महिन्यांनी काय झालेलं असावं असं वाटतं?” उत्तर बहुधा ‘घटस्फोट’ नसतं. मुलाची शाळा बदलू नये, दागिने परत मिळावेत, सासूपासून वेगळं राहायला मिळावं, महिन्याला खर्चाला पैसे यावेत, असं काहीतरी ठोस निघतं. ते शब्दशः लिहून ठेवा. पुढे तडजोडीच्या टेबलावर तुमचा मसुदा याच कागदाशी ताडून बघायचा आहे.

तिसरं, नकोशा गोष्टी आजच विचारा. समोरचा वकील उलटतपासात काय काढेल? तुम्ही पाठवलेले मेसेज? नोकरी सोडल्याचं दाखवलंय पण पगार चालू आहे? आधीचा विवाह? याआधी कुठे तक्रार, अर्ज, समझोता झालाय? पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ खाली गोपनीय आहे, हे आधी सांगा. मग बरेच लोक मोकळे होतात.

आणि एक गोष्ट करू नका: पहिल्याच भेटीत पोटगीचा आकडा किंवा ‘सहा महिन्यांत मोकळे व्हाल’ असं वचन. आकडा कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही आणि वेळ तुमच्या हातात नसते.

तारखांचं टिपण

पक्षकार गोष्ट सांगताना आठवणीच्या तीव्रतेने सांगतो. कोर्टाला ती तारखांच्या क्रमाने हवी असते. म्हणून कुठलाही मसुदा लिहिण्यापूर्वी चार रकान्यांचा तक्ता करा: तारीख, घटना, कागद, साक्षीदार. विवाहाची तारीख आणि ठिकाण, कोणत्या पद्धतीने लग्न लागलं, नोंदणी झाली का, दोघं शेवटचे एकत्र कुठे राहिले, वेगळे कधी झाले, मुलांचे जन्म, आतापर्यंतच्या तक्रारी. तारीख नेमकी आठवत नसेल तर सण, परीक्षा, कुणाचं बारसं यावरून काढता येते. ‘अंदाजे’ असेल तर तक्त्यात तसंच लिहा. खोटी नेमकी तारीख उलटतपासात पहिल्या पाच मिनिटांत पडते.

या तक्त्यावर निम्म्या कायदेशीर प्रश्नांची उत्तरं मिळतात. लग्नाला वर्ष झालं नसेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १४ आडवं येतं आणि अपवादात्मक हालअपेष्टा दाखवून परवानगी मागावी लागते. सोडून गेल्याच्या कारणावर जायचं तर अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं भरायला हवीत. मध्ये पंधरा दिवस एकत्र राहिले असतील तर गणित बदलतं, शिवाय आधीची क्रूरता माफ केली असा बचाव कलम २३ खाली उभा राहतो. परस्पर संमतीसाठी निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. कोर्टाची हद्द कलम १९ मध्ये आहे: लग्न जिथे झालं, प्रतिवादी जिथे राहतो, दोघं शेवटचे जिथे एकत्र राहिले, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी जिथे राहते ते ठिकाणही.

कागद गोळा करताना मूळ प्रती स्वतःकडे ठेवू नका. स्कॅन करा, मूळ परत द्या, पोच घ्या.

कोणता अर्ज, किती अर्ज

नव्या वकिलाला वाटतं जितके खटले तितका दबाव. पोटगीचा एक अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५, नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू), दुसरा हिंसाचार कायद्याखाली, तिसरा विवाह अर्जातला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा. कायद्याने तिन्ही मार्ग खुले आहेत. पण ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आधीच्या कार्यवाहीची आणि तिथल्या आदेशाची माहिती नंतरच्या कोर्टाला द्यायची, आणि आधी मंजूर झालेली रक्कम जमेस धरायची. तेव्हा तीन ठिकाणी तीन वेगळे उत्पन्नाचे आकडे लिहिले तर तोटा आपल्याच पक्षकाराचा.

निवड करताना शेवटचा कागद डोळ्यांसमोर आणा. घरातच राहायचं असेल तर निवासाचा आदेश हवा, आणि तो हिंसाचार कायद्यात मिळतो. कलम २६ मुळे हे दिलासे कौटुंबिक किंवा दिवाणी कोर्टातही मागता येतात. घर सासूच्या नावावर आहे म्हणून मार्ग बंद असं नाही: २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सामायिक घर’ ही संज्ञा पतीच्या मालकीपुरती मर्यादित नाही असं स्पष्ट केलं. फक्त महिन्याचा खर्च हवा आणि विवाह मोडायचा नसेल तर कलम १४४ पुरेसं. त्याची वसुली कडक आहे, थकबाकीसाठी तुरुंगवासही होऊ शकतो, पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत डायरीत लाल शाईने लिहा.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ (जुनं ४९८अ) खाली तक्रार द्यावी का, हा निर्णय पक्षकाराचा. तुमचं काम परिणाम समजावण्याचं. गुन्हा घडला असेल तर तक्रार तिचा हक्क आहे. पोटगी वाढवून घ्यायची शिडी म्हणून ती वापरू नये. आणि घरातल्या प्रत्येक नातेवाइकाचं नाव घालायचा आग्रह धरला जातो तेव्हा प्रत्येक नावापुढे त्याने काय कृत्य, कधी केलं, हे लिहून मागा. लिहिता आलं नाही तर नाव गाळा.

अर्ज लिहिताना

‘जाबदाराने अर्जदाराचा वेळोवेळी अतोनात शारीरिक व मानसिक छळ केला व तिचे जगणे मुश्कील केले.’ हे वाक्य हजारो अर्जांत आहे आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी घटना लिहा: कधी, कुठे, काय झालं, समोर कोण होतं, नंतर काय केलं. ‘दि. १२ मार्च २०२३ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास जाबदाराने स्वयंपाकघरात अर्जदाराला ढकलले. तिच्या डाव्या मनगटाला फ्रॅक्चर झाले. त्याच रात्री शेजारच्या दवाखान्यात उपचार झाले; केसपेपर यादीत अ. क्र. ४ वर आहे.’ अशा पाच-सहा घटना पुरतात. चाळीस लिहिल्या तर चाळीसांवर उलटतपास होतो, आणि तीन डळमळल्या की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो.

अर्जात नसलेली घटना पुराव्याच्या शपथपत्रात घालता येत नाही; घातलीत तर हरकत ठरलेली. त्यामुळे थोडक्यात लिहायचं म्हणजे महत्त्वाचं गाळायचं नव्हे. विशेषणं कापा, तथ्यं ठेवा. दुसऱ्या नात्याचा आरोप करायचा असेल तर कागदाच्या आधाराशिवाय करू नका. सिद्ध न झालेला चारित्र्यावरचा आरोप पुढे क्रूरता म्हणून उलटतो, आणि मुलं मोठी झाली की तो अर्ज वाचतात.

शेवटी मागण्या. घटस्फोट मागितला आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालची कायम पोटगी, कलम २६ खाली मुलांची व्यवस्था, कलम २७ खाली लग्नाच्या वेळी दोघांना मिळालेल्या वस्तू, यांचा विचारच केला नाही, असे अर्ज पाहायला मिळतात. महाराष्ट्रात स्त्री अर्जदाराला पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत कोर्ट फी माफ आहे (१ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना). नाहक मुद्रांक लावून पक्षकाराचे पैसे घालवू नका.

मसुदा पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. सही करताना ‘मजकूर वाचून समजून घेतला’ असं लिहिलेलं असतं. ते खरं असायला हवं.

बजावणी: कुणी शिकवत नाही ते काम

प्रकरणं पुराव्याआधी बजावणीतच कुजतात. पत्ता पूर्ण द्या, जवळची खूण लिहा, नोकरीचा पत्ता वेगळा द्या. प्रोसेस फी त्याच दिवशी भरा. बेलिफाचा अहवाल स्वतः वाचा: ‘घराला कुलूप’, ‘नातेवाइकाने घेण्यास नकार दिला’, ‘पत्त्यावर राहत नाही’ या तीन शेऱ्यांचे परिणाम वेगवेगळे आहेत. नकार ही अनेकदा बजावणीच ठरते. ‘राहत नाही’ म्हटलं तर नवा पत्ता शोधावा लागतो. साधे मार्ग संपले की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम २० खाली पर्यायी बजावणीची परवानगी मागावी. खोट्या किंवा अर्धवट पत्त्यावर मिळवलेला एकतर्फी हुकूम आदेश ९ नियम १३ खाली रद्द होतो, आणि तोवर पक्षकाराने दुसरं लग्न केलं असेल तर कल्पना करा.

तुम्ही प्रतिवादीच्या बाजूने असाल तर समन्स मिळाल्यापासून कैफियतीचे (लेखी उत्तराचे) तीस दिवस मोजा. ‘तडजोड चालू आहे’ म्हणून मुदत सोडणं हा नव्यांचा नेहमीचा सापळा.

अंतरिम पोटगी: आकड्यांचं काम

इथे वक्तृत्वाचा उपयोग नाही. ‘रजनेश’ निकालानंतर दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं असतं. हे शपथपत्र भरून घेणं ज्युनिअरकडे येतं, आणि बहुतेक जण पक्षकाराला फॉर्म घरी देऊन ‘भरून आणा’ म्हणतात. स्वतः शेजारी बसून भरा. प्रत्येक आकड्यापुढे कागद हवा: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा तपशील), पगारपत्रकं, सगळ्या खात्यांचे उतारे, कर्जाची विवरणं, विमा, म्युच्युअल फंड. खर्चाचा तक्ता एका महिन्यावरून बनवू नका. शाळेची फी, विम्याचा हप्ता, औषधं वर्षाची धरून बारांनी भागा.

समोरच्याचं शपथपत्र आलं की त्याला खात्याच्या उताऱ्याशी ओळ न् ओळ लावा. पगार पन्नास हजार दाखवलाय आणि क्रेडिट कार्डाचं बिल साठ हजारांचं? दर महिन्याला ठरावीक रक्कम भावाच्या खात्यात? नोटीस मिळाल्यानंतर घेतलेलं कर्ज? पगारातल्या सक्तीच्या कपाती आणि स्वखुशीने घेतलेल्या कर्जाचे हप्ते यात कोर्ट फरक करतं. तुमच्या एका पानी तक्त्यात तो फरक दिसला पाहिजे. युक्तिवादाच्या वेळी तो तक्ता न्यायाधीशांच्या हातात द्या.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हे त्याच निकालाने ठरवलं. म्हणून अर्ज लवकर दाखल करा. कलम २४ पतीलाही लागू आहे हे विसरू नका.

मुलांचा प्रश्न

हिंदू अल्पवयीनत्व आणि पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असं आहे, पण कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर. त्यामुळे अर्जात दुसऱ्या पालकाची निंदा कमी आणि दिनक्रम जास्त लिहा: शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण रजा घेतं, अभ्यास कोण घेतं, आजी-आजोबा कुठे राहतात.

भेटीचा आदेश मागताना ‘वाजवी भेट’ असे शब्द टाळा. वार, वेळ, सोडायची-घ्यायची जागा, कोण आणणार, उशीर झाल्यास किती थांबायचं, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीची वाटणी, व्हिडिओ कॉलची वेळ, परगावी नेण्याआधी किती दिवस कळवायचं, पासपोर्ट कुणाकडे. दोघांपैकी एक परदेशात असेल तर हे दुप्पट बारकाईने लिहा. मुलं परदेशात नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही.

मुलाला ऑफिसात बोलावून पढवू नका. समुपदेशक आणि न्यायाधीश मुलाशी बोलतात तेव्हा पाठ केलेली वाक्यं लगेच ओळखू येतात.

समुपदेशन आणि तडजोड

समुपदेशकाकडे पाठवलं की काही वकील ‘वेळकाढूपणा’ म्हणून नाक मुरडतात. मला ती प्रकरणातली सर्वांत उपयोगी तारीख वाटते, कारण पक्षकार पहिल्यांदा वकिलांशिवाय एकमेकांचं ऐकतात. तिथलं बोलणं पुढे पुरावा म्हणून वापरायचं नसतं, हे पक्षकाराला आधी समजावा. तीन गोष्टी लिहून द्या: काय हवंच आहे, कशावर मागे सरता येईल, कशावर त्या दिवशी सही करायची नाही.

परस्पर संमतीच्या अटी लिहिणं हे या वकिलीतलं सर्वांत कसबी काम आहे, आणि तेच सर्वांत घाईत उरकलं जातं. ‘पती पत्नीस एकरकमी वीस लाख रुपये देईल’ एवढं पुरत नाही. किती हप्ते, कोणत्या तारखेला, डिमांड ड्राफ्ट की खात्यात, हप्ता चुकला तर काय? पाच लाख अर्ज दाखल करताना, दहा लाख दुसऱ्या जबाबाच्या (थांबण्याची मुदत संपल्यावर दोघांनी पुन्हा संमती सांगण्याच्या) दिवशी कोर्टात, उरलेले फौजदारी प्रकरण रद्द झाल्यावर, अशी साखळी बांधली तर दोन्ही बाजू सुरक्षित राहतात. फौजदारी प्रकरण रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली जातो. तो कोण, किती दिवसांत करेल, संमतीचं शपथपत्र कधी दिलं जाईल, खर्च कुणाचा, हे लिहा.

फ्लॅट असेल तर सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, मजला, सोसायटीचं भागपत्र, कर्जाची बाकी आणि ते कोण फेडणार. हक्कसोड पत्र करायचं की हुकूमनामाच नोंदवायचा, त्यावर मुद्रांक शुल्क किती, हे सही होण्यापूर्वी विचारून घ्या. बँकेला विचारल्याशिवाय ‘कर्जातून पत्नीचं नाव काढण्यात येईल’ असं लिहू नका. बँक त्या करारात पक्ष नाही. दागिन्यांची यादी वजनासह करा आणि हातोहात दिल्याची पोच तिथेच घ्या. मुलाची पोटगी आईने सोडून दिली अशी अट टिकेल यावर विसंबू नका. तो हक्क मुलाचा आहे.

परस्पर संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत कोर्ट माफ करू शकतं, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘अमरदीप सिंग’ प्रकरणात ठरवलं. पण पहिल्या अर्जाआधीच दीड वर्षाचा विभक्तपणा, समेटाचे प्रयत्न फसलेले आणि पोटगी-मुलांसह सगळं मिटलेलं, हे दाखवावं लागतं. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही दोघांना स्पष्ट सांगा. आणि एका वकिलाने दोघांच्या वतीने उभं राहण्याची जी पद्धत दिसते, ती नव्या वकिलाने टाळावी. ज्याला सल्ला दिलात त्याच्या विरुद्ध पुढे उभं राहता येत नाही, आणि तडजोड फिसकटली तर दोन्ही पक्षकार जातात.

पुरावा आणि उलटतपास

आज निम्मा पुरावा फोनमध्ये असतो. स्क्रीनशॉटची छापील प्रत नुसती जोडू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आता दोन भागांत असतं: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे तपासता येईल असा तिचा अंकीय ठसा) नोंदवावं लागतं. कौटुंबिक न्यायालयात कलम १४ ची मोकळीक आहे म्हणून हे टाळण्याचा मोह होतो, पण अपिलात तीच फट शोधली जाते. मूळ फोन विकू नका, बदलू नका, चॅट पुसू नका, हे पक्षकाराला पहिल्या दिवशी लेखी कळवा. पती-पत्नीतलं चोरून केलेलं कॉल रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं, असं जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. याचा अर्थ जोडीदाराच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकण्याचा सल्ला द्यावा असा नव्हे. तो गुन्हा ठरू शकतो.

उलटतपासाआधी एका कागदावर लिहा: या साक्षीदाराकडून मला कोणती चार उत्तरं हवीत? त्या चारांकडे नेणारेच प्रश्न विचारा. छोटे, एका तथ्याचे, ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे. ‘तुम्ही घर का सोडलंत?’ हा प्रश्न विचारून समोरच्या साक्षीदाराला दहा मिनिटांचं व्यासपीठ देणारे वकील मी पाहिले आहेत. ‘घर सोडल्यानंतर तुम्ही पोलिसांत तक्रार दिली नाही?’ ‘त्यानंतर तीन महिने रोज व्हिडिओ कॉल होत होते?’ इतकंच पुरतं. आपली बाजू सूचनेच्या रूपात, म्हणजे ‘असं घडलं हे खरं ना?’ असं विचारून, साक्षीदाराला घालायला विसरू नका. न घातलेला मुद्दा युक्तिवादात मांडला की न्यायाधीश रेकॉर्ड दाखवतात. चढा आवाज आणि टोमणे या कोर्टात फारच वाईट दिसतात.

फी आणि हद्द

फी टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवा: दाखल करणं, अंतरिम अर्ज, पुरावा, तडजोड. मिळणाऱ्या पोटगीतला हिस्सा फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. परवडत नसेल त्या स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही.

रात्री अकरा वाजता ‘सर, त्याने आज परत शिवी दिली’ असे मेसेज येणारच. कोणत्या वेळेत उत्तर देणार आणि कोणत्या परिस्थितीत लगेच फोन करायचा, हे पहिल्या भेटीत ठरवलं तर निभतं. प्रत्येक तारखेनंतर दोन ओळींचा निरोप स्वतःहून पाठवा: काय झालं, पुढची तारीख, तेव्हा काय आणायचं. बरेच फोन यानेच कमी होतात.

हुकूम झाल्यावर

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करा. अपिलाची मुदत डायरीत घाला. कौटुंबिक न्यायालय कायद्यात तीस दिवस आहेत, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये नव्वद. हिंदू विवाहाच्या हुकूमनाम्याला नव्वद लागू असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलंय. संमतीच्या हुकूमनाम्याविरुद्ध कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ खाली अपील नाही. अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील असेल तर ते निकाली निघेपर्यंत लग्न करू नका, हे पक्षकाराला कागदावर लिहून द्या, कारण तोंडी सांगितलेलं आनंदात विसरलं जातं.

हुकूमनाम्याची प्रत आली की त्यातली नावं, विवाहाची तारीख, पत्ते तपासा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच. मग पक्षकाराला यादी द्या: बँक आणि विम्यातलं नामनिर्देशन, भविष्य निर्वाह निधी, पासपोर्ट, शाळेतली पालकाची नोंद, शिधापत्रिका. पोटगी असेल तर पहिल्याच महिन्यापासून खात्यावर लक्ष ठेवायला सांगा. दोन हप्ते चुकले की नोटीस, तरीही नाही आले तर दरखास्त, आणि नोकरदार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४८ (सरकारी नोकरी) किंवा ४८अ (खाजगी नोकरी) खाली पगारावर जप्ती. त्यासाठी लागणारा नोकरीचा पत्ता तुम्ही बजावणीच्या वेळीच घेतलेला असेल.